मॅरेथॉन गावातून अथेन्सपर्यंत: मूळ वाटेवरची फुल मॅरेथॉन धावायला जायचं तर

जगात फुल मॅरेथॉन शेकड्यांनी होतात, पण मॅरेथॉन नावाच्या गावातून सुरू होणारी नावाजलेली शर्यत अथेन्सचीच. दर वर्षी नोव्हेंबरमध्ये, साधारणपणे दुसऱ्या रविवारी, हजारो लोक त्या गावातून निघतात आणि ४२.१९५ किलोमीटर धावून अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियममध्ये शिरतात. पुण्या-मुंबईच्या रनिंग ग्रुपांमध्ये बर्लिन, लंडन, शिकागोची चर्चा जास्त होते. तिथे लॉटरी लागावी लागते किंवा धर्मादाय संस्थेसाठी निधी जमवावा लागतो. अथेन्सला आधी येईल त्याला जागा. त्यामुळे परदेशातली पहिलीच फुल म्हणून अनेकांची नजर इथे जाते, आणि ते योग्यच आहे.

पण एक गोष्ट आधीच पक्की करा. अथेन्सला पीबी, म्हणजे आपली आजवरची सर्वोत्तम वेळ, काढायला जाऊ नका. सपाट रस्त्यावरची आपली वेळ घेऊन तिथे गेलेला माणूस पंचविसाव्या किलोमीटरला रस्त्याशी भांडायला लागतो, आणि त्या भांडणात रस्ता हरत नाही. या सहलीचं सगळं नियोजन, तिकिटापासून ते टेकडीवरचं प्राचीन ॲक्रोपोलिस कधी बघायचं इथपर्यंत, या रस्त्याच्या चढाभोवती करायचं आहे. म्हणून सुरुवात रस्त्यापासून.

रस्ता आधी समजून घ्या

पहिले दहा किलोमीटर जवळपास सपाट आहेत, किंचित उतारच. चौथ्या-पाचव्या किलोमीटरच्या सुमारास मुख्य रस्ता सोडून एक वळसा येतो. तो तुम्हाला ‘टिंबोस’ला, म्हणजे इ. स. पूर्व ४९० मध्ये इथे पर्शियन सैन्याशी झालेल्या लढाईत पडलेल्या १९२ अथेन्सवासी सैनिकांच्या समाधी-टेकाडाला फेरी मारून परत आणतो. पुढे निया माक्री हे समुद्राकाठचं गाव लागतं. इथवर हवा थंड असते, पाय ताजे असतात, लोक टाळ्या वाजवत असतात, आणि नेमका इथेच सगळ्यांचा वेग हाताबाहेर जातो.

दहाव्या किलोमीटरनंतर रस्ता लाटांसारखा वर-खाली होऊ लागतो. राफिनाच्या अलीकडे-पलीकडे, सतराव्या किलोमीटरपासून खरा चढ सुरू होतो. पिकर्मी, पल्लिनी, गेराकास अशी उपनगरं मागे टाकत तो एकतिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरपर्यंत, स्ताव्रोसच्या चौकापर्यंत चालतो. समुद्रकाठाजवळून निघालेले तुम्ही तिथे सव्वादोनशे मीटरच्या वर पोचलेले असता. आकडा ऐकून बोरघाट डोळ्यांसमोर आणू नका. एका ठिकाणी थांबून पाहिलं तर चढ दिसतही नाही; सरासरी दीड-दोन टक्के, मध्ये छोटे उतार. दम लागतो तो चढाच्या लांबीमुळे. आणि एरवी तिसाव्या किलोमीटरला जी ‘भिंत’ लागते, म्हणजे अंगातली ताकद एकदम संपते, ती इथे चढाच्या शेवटालाच उभी असते.

त्यानंतरचे दहा-अकरा किलोमीटर उताराचे. आगिया पारास्केवी, खालांद्री, खोलार्गोस, मग शहरातला रुंद मेसोगियोन रस्ता. कागदावर हा भाग सोपा वाटतो. पण वीस किलोमीटर चढून आलेल्या मांड्यांना उतार झेपत नाही. म्हणून इथली खरी परीक्षा दुहेरी आहे: चढावर राखून धावणं आणि उतारासाठी मांड्या शिल्लक ठेवणं.

२००४ च्या ऑलिंपिकची मॅरेथॉन याच वाटेवर झाली. पुरुषांत इटलीचा स्टेफानो बाल्दिनी २ तास १० मिनिटं ५५ सेकंदांत जिंकला. आघाडीवर असलेल्या ब्राझीलच्या व्हँडरलेई द लिमाला शेवटच्या टप्प्यात एका प्रेक्षकाने रस्त्यावरून ढकललं, ती हीच शर्यत. त्याला कांस्य मिळालं. स्त्रियांत जपानची मिझुकी नोगुची पहिली आली. जगातले सर्वोत्तम धावपटूही इथे आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा मिनिटांनी मागे राहिले, हे लक्षात ठेवलं की आपल्या अपेक्षा आपोआप जमिनीवर येतात.

कॅलेंडर: दिवाळी कुठे येते ते पाहा

नोंदणी वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत खुली होते. आयोजन ग्रीसच्या ॲथलेटिक्स महासंघाचं आहे, त्यामुळे नोंदणी अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. फुल मॅरेथॉनसोबत १० आणि ५ किलोमीटरच्या शर्यतीही असतात. घरचं कुणी सोबत येत असेल तर त्यांचंही नाव तेव्हाच घाला. संध्याकाळी हॉटेलवर एकट्यानेच मेडल मिरवायचं, याला काही मजा नाही. नोंदणी करताना आधीच्या फुलची वेळ विचारतात आणि त्यावरून सुरुवातीचा गट ठरतो. ती खरी सांगा. फुशारकीने पुढच्या गटात गेलात तर पहिले पाच किलोमीटर लोकांच्या वेगाने ओढले जाल.

आता आपला खास प्रश्न. नोव्हेंबरचा दुसरा रविवार काही वर्षी दिवाळीच्या अंगावर येतो. २०२६ मध्ये तर लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि तोच त्या महिन्याचा दुसरा रविवार. अशा वर्षी घरच्यांशी बोलणी तिकिटाआधी करा. दिवाळीच्या आठवड्यात विमानभाडंही चढतं आणि ऑफिसात रजेसाठी रांग लागते. नोव्हेंबर हा ग्रीसमध्ये पर्यटनाचा मंद काळ, त्यामुळे हॉटेलं मात्र उन्हाळ्याच्या मानाने स्वस्त मिळतात.

विमान शोधताना आधी थेट सेवा मिळते का ते पाहा. नाहीतर दुबई, अबुधाबी, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे जाता येतं. बुधवारी रात्री किंवा गुरुवारी पोचा. शुक्रवारी रात्री उशिरा उतरून शनिवारी बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला धावपळ करणं हा प्रकार टाळा. धावायचे बूट, मोजे आणि शर्यतीचे कपडे केबिन बॅगेतच. चेक-इन बॅग दोन दिवस उशिरा आली तर जीन्स नवी घेता येते, तीनशे किलोमीटर सवयीचा झालेला बूट घेता येत नाही. धावताना खायचे एनर्जी जेल मात्र द्रवात मोजतात, त्यामुळे १०० मिलीलिटरच्या नियमात बसत नसतील तर ते चेक-इनमध्ये, आणि दोन-चार केबिनमधल्या पारदर्शक पिशवीत.

व्हिसा

ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. भारतीय पासपोर्टवर अल्पमुदतीचा पर्यटन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, वर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण गुंतागुंत असेल तर ४५ दिवसही लागू शकतात. नोव्हेंबरच्या शर्यतीसाठी ऑगस्टमध्ये अर्ज देऊन मोकळं व्हावं, सप्टेंबरची वाट पाहू नये. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो आणि तेवढ्या दिवसांत पासपोर्ट तुमच्याकडे नसतो, म्हणजे मधला कामाचा परदेश दौरा अडकतो. अर्ज केंद्र कुठलं, हे दिल्लीतल्या ग्रीक दूतावासाच्या संकेतस्थळावरून पाहा, मधल्या एजंटाच्या जाहिरातीवरून नको.

कागदपत्रं नेहमीचीच: परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला पासपोर्ट, दोन कोरी पानं, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, ऑफिसचं रजापत्र, हॉटेल आणि विमानाची नोंद, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा. शर्यतीच्या नोंदणीची पावती जरूर जोडा आणि सोबतच्या पत्रात साध्या भाषेत लिहा: अमुक तारखेला मॅरेथॉन धावणार, नंतर इतके दिवस ग्रीस पाहणार, अमुक तारखेला परत. जाण्याचं कारण इतकं स्पष्ट असलेला पर्यटक विरळाच, त्याचा फायदा घ्या. सोबत रोम किंवा पॅरिस जोडायचं असेल तर सर्वाधिक रात्री ग्रीसमध्येच असू द्या, कारण अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा असतो.

विमा घेताना एक कलम डोळ्यांखालून घाला. बऱ्याच पॉलिसींत स्पर्धात्मक खेळातली दुखापत वगळलेली असते. हौशी धावण्याची शर्यत त्यात येते का, हे विमा कंपनीला ई-मेलवर विचारून लेखी उत्तर ठेवा.

दुबई किंवा लंडनला राहणाऱ्या मराठी मंडळींनी, पासपोर्ट भारतीय असेल तर, अर्ज आपल्या वास्तव्याच्या देशातून करायचा. ब्रिटनचं वास्तव्य असलं तरी शेंगेन व्हिसा चुकत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. पहिल्या वेळी रांगेत जास्त वेळ उभं राहावं लागू शकतं, पोचण्याच्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

तयारी: चढ इथेच शोधायचा

वेळापत्रक अठरा ते वीस आठवड्यांचं धरा, म्हणजे जूनच्या शेवटी किंवा जुलैत सुरुवात. पावसाळा आडवा येतो खरा, पण अथेन्ससाठी तो सोयीचाही आहे. तिथे नोव्हेंबरात सकाळी १२-१३ अंश आणि दुपारी १८ ते २० अंशांपर्यंत हवा असते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या घामट हवेत तयार झालेल्या शरीराला ती मानवते.

चढाचा सराव म्हटलं की आपल्याकडे लोक थेट घाटात जातात. साताऱ्याची सप्टेंबरातली हिल हाफ मॅरेथॉन, यवतेश्वरच्या घाटातली, ही या तयारीत उत्तम बसते. तारीख जुळली तर जरूर धावा. पण अथेन्सचा चढ घाटाइतका तीव्र नाही, घाटापेक्षा लांब आहे. त्यामुळे खरा सराव हवा तो न दिसणाऱ्या चढाचा. पुण्यात स्वारगेटहून कात्रजकडे जाणारा रस्ता सायकलवाल्यांना विचारा, गाडीतून सपाट वाटतो आणि पायांना कळतो. लाँग रन, म्हणजे सरावातली लांब पल्ल्याची धाव, अशा क्रमाने आखा: आधी दहा-बारा किलोमीटर सपाटीवर, मग चढाचा रस्ता, आणि शेवटचे चार-पाच किलोमीटर उतारावर, थकलेल्या पायांनी. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून कान्हेरीपर्यंतचा रस्ता, ठाण्यात येऊर, नवी मुंबईत खारघर टेकडी. कोल्हापूरकरांना जोतिबाचा रस्ता आहेच. सपाट गावात राहत असाल तर ट्रेडमिल दीड-दोन टक्क्यांवर लावून तासभर धावा. कंटाळवाणं आहे, पण अथेन्सचा पल्लिनीचा पट्टाही कंटाळवाणाच आहे.

उताराकडे सगळे दुर्लक्ष करतात. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, आणि ही सवय नसली की पस्तिसाव्या किलोमीटरला मांड्या दगड होतात. दर पंधरवड्याला एकदा सौम्य उतारावर, छोटी पावलं टाकत, चार-पाच किलोमीटर नेमाने धावा. पायऱ्या उतरण्याचा व्यायाम, एका पायावरचे स्क्वॉट, लंजेस यांनाही आठवड्यात दोन दिवस द्या. शेवटचा जोरदार उतार-सराव शर्यतीच्या तीन आठवडे आधी संपवा.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्याकडच्या शर्यती पहाटे सुरू होतात, रिकाम्या पोटी किंवा एखादं केळं खाऊन आपण निघतो. अथेन्सची सुरुवात सकाळी नऊला, आणि तिथले नऊ म्हणजे भारतातले साडेबारा, कारण ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की फरक साडेतीन तासांचा होतो. हा फरक तुमच्या बाजूने आहे: पहाटे पाचला उठणं तिथे अजिबात जड जात नाही, शरीराला ते साडेआठच वाटतात. पण नाश्ता आणि धाव यांच्यात चार तासांचं अंतर पडतं. दोन-तीन लाँग रन मुद्दाम उशिरा, नाश्ता करून तीन-साडेतीन तासांनी सुरू करून पाहा. पोट काय म्हणतं, ते इथेच कळलेलं बरं.

मुक्काम आणि पोट

राहायला सिंटाग्मा चौकाच्या आसपासची जागा सगळ्यांत सोयीची. पहाटे धावपटूंना मॅरेथॉन गावी नेणाऱ्या बस मध्यवर्ती भागातून सुटतात, विमानतळाची मेट्रो (निळी लाइन, साधारण चाळीस मिनिटं, ९ युरो) थेट इथे येते, आणि शेवटचं स्टेडियमही चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. प्लाका हा भाग दिसायला देखणा, पण दगडी गल्ल्या आणि रात्रीचा गोंगाट. कुकाकी शांत आणि खिशाला बरा. स्टेडियमजवळचं पांग्राती हे धावून झाल्यावर लंगडत खोलीवर जायला उत्तम. कुठेही घ्या, एक प्रश्न आधी विचारा: लिफ्ट आहे का? सोमवारी या प्रश्नाची किंमत कळते.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांमुळे ग्रीक स्वयंपाकात मांस, दूध, अंडी नसलेल्या पदार्थांची मोठी परंपरा आहे. हॉटेलात ‘निस्तीसिमो’ म्हणालात की तसे पदार्थ दाखवतात. जिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले घेवड्याचे मोठे पांढरे दाणे, गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या (खिमा नाही ना, ते विचारून घ्या), आणि फावा हे पिवळ्या डाळीचं, आपल्या घट्ट वरणाच्या फार जवळचं. असे डाळी-दाण्यांचे पदार्थ मात्र शुक्रवार दुपारपर्यंतच. शनिवारी पोटात वायू नको. शनिवारी पास्ता, भात, ब्रेड, मध घातलेलं दही, किंवा रिझोगालो हा दुधातला गोड भात. ओमोनियाजवळच्या मेनांद्रू रस्त्यावर दक्षिण आशियाई दुकानं आहेत, तांदूळ-डाळ मिळते. पण आपले पोहे किंवा उपम्याचं तयार पाकीट बॅगेत असलं तर रविवारी पहाटे हॉटेलच्या किटलीवर काम भागतं. नळाचं पाणी अथेन्समध्ये पिता येतं.

रविवारी बहुतेक दुकानं आणि सुपरमार्केट बंद असतात. केळी, ब्रेड, पाणी, धावून आल्यावर लागणारं दही-फळं, सगळं शनिवारी संध्याकाळपर्यंत खोलीत आणून ठेवा. रस्त्यावर मिळणारं कुलुरी, तिळाचं गोल कडं, शर्यतीआधीच्या नाश्त्याला छान. तेही आदल्या दिवशीचं चालतं.

बिब आणि किट घ्यायला एक्स्पोला, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनाला, जावं लागतं, अलीकडे तो समुद्राकडच्या फालिरो भागात भरतो. ट्रामने जाता येतं. शुक्रवारी जा, पासपोर्ट आणि नोंदणीची पावती न्या, तासाभरात परत या. तिथे दिसलेला सुंदर नवा बूट विकत घ्या हवा तर, रविवारी घालू नका.

ॲक्रोपोलिसचा मोह शुक्रवार-शनिवारी आवरा. टेकडी चढणं, गुळगुळीत झालेल्या संगमरवरावर जपून पावलं टाकणं, उन्हात दोन-तीन तास उभं राहणं, हे सगळं पोटऱ्यांच्या हिशेबात जमा होतं. आधी पाहायचंच असेल तर गुरुवारी सकाळी. तिकीट वेळ ठरवूनच ऑनलाइन मिळतं, सध्या ३० युरो. शनिवारी दुपारी पाय वर करून पडून राहणं हेच पर्यटन.

रविवारची सकाळ

बस पहाटे, अंधारात निघतात. सुटण्याची नेमकी ठिकाणं आणि वेळा किटमधल्या सूचनांत असतात. दिलेल्या वेळेच्या पहिल्या अर्ध्या तासातली बस पकडा, शेवटची नको, कारण नंतर तोच रस्ता शर्यतीसाठी बंद होतो. ज्या रस्त्याने बस जाते त्याच रस्त्याने परत यायचं आहे. बस उतरते तो उतार परतताना आपला चढ असतो, तो खिडकीतून पाहत जाणं काहींना भीतीदायक वाटतं. तसं वाटणाऱ्यांनी डोळे मिटून घ्यावेत.

मॅरेथॉन गावातल्या मैदानावर तास-दीड तास थांबावं लागतं, आणि गार वारं असतं. टाकून देता येईल असा जुना स्वेटर, शिवाय कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीला डोक्यापुरतं भोक पाडून केलेला रेनकोट, हे दोन्ही बरोबर हवंच. पाऊस आला तर पिशवीचं सोनं होतं. ड्रॉप बॅग इथे गाडीत द्यायची, ती शहरात स्टेडियमजवळ मिळते; तिच्यात कोरडे कपडे, मोजे, चप्पल, थोडे पैसे आणि खोलीची किल्ली. शौचालयाची रांग शेवटच्या वीस मिनिटांत मोठी होते, ते काम आधीच उरका. सुरुवातीच्या अर्ध्या तास आधी एखादं केळं, दोन घोट पाणी.

शर्यतीआधी ग्रिगोरिस लाम्ब्राकिस हे नाव कदाचित कानावर पडेल. हा ग्रीक खेळाडू, डॉक्टर आणि खासदार. एप्रिल १९६३ मध्ये सरकारने बंदी घातलेला शांतिमोर्चा त्याने मॅरेथॉनहून याच रस्त्याने एकट्याने काढला. पुढच्याच महिन्यात थेसालोनिकीत त्याच्यावर हल्ला होऊन तो मरण पावला. अथेन्सची ही मॅरेथॉन त्याच्या स्मृतीला वाहिलेली आहे. मॅरेथॉनच्या विजयाची बातमी घेऊन अथेन्सला धावलेल्या फिडिपिडीस या दूताची दंतकथा सगळ्यांना पाठ असते. पण प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्याला अथेन्सहून स्पार्टाला पळवलं आहे, मॅरेथॉनहून अथेन्सला नव्हे. विजयाची बातमी सांगून कोसळणारा दूत कित्येक शतकांनंतरच्या लेखकांकडून आला. लाम्ब्राकिसची वाटचाल मात्र तारखेनिशी खरी आहे.

बेचाळीस किलोमीटर कसे वाटायचे

समजा तुम्ही सपाट रस्त्यावर साडेचार तासांत फुल करता, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं चोवीस सेकंद. माझा हिशेब असा. पहिले सतरा किलोमीटर साधारण सहा-अठ्ठावीसने (सहा मिनिटं अठ्ठावीस सेकंद), कितीही हलकं वाटलं तरी त्याहून वेगाने नाही. सतरा ते एकतीस या चढाला सात मिनिटं दहा सेकंदांपर्यंत खाली या आणि घड्याळाकडे बघणं बंद करा. श्वास बोलण्याइतका राहिला पाहिजे, एवढीच अट. उरलेलं अंतर उतारावर सहा-पंचवीसने जमलं तरी पुष्कळ. बेरीज चार तास बेचाळीसच्या आसपास येते. पहिल्यांदा जाणाऱ्याने याला चांगली वेळ समजावं. पाच-साडेपाच तासांवाल्यांनीही याच प्रमाणात वाटणी करावी. मुदत आठ तासांची आहे, त्यामुळे चढावर मुद्दाम टप्प्याटप्प्याने चालणाऱ्यालाही घाई नाही. मधल्या टप्प्यांच्या मुदती मात्र सूचनांत वाचून ठेवा.

पाण्याचे टेबल नियमित अंतरावर येतात. पहिला जेल पाऊण तासाला, नंतर दर अर्ध्या-पाऊण तासाला, पण चढाच्या मध्यावर, चोवीस-पंचविसाव्या किलोमीटरला एक चुकवू नका. तिथे खाण्याची इच्छा मरते आणि बत्तिसाव्याला तो न खाल्लेला जेल आठवतो. ओआरएसची छोटी पाकिटं खिशात ठेवा, तिथली पेयं पोटाला अनोळखी असतात.

टिंबोसच्या फेरीत हळू व्हा. काठावरचे लोक ऑलिव्हच्या डहाळ्या हातात देतात, घ्या आणि टोपीत खोचा. गावागावांत आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या असतात, पोरं टाळी द्यायला हात पुढे करतात आणि ‘ब्राव्हो, ब्राव्हो’चा गजर चालतो. पल्लिनी-गेराकासच्या पट्ट्यात मात्र गर्दी विरळ, दोन्ही बाजूंना शोरूम आणि गोदामं. इथे मन उदास होतं. या सात-आठ किलोमीटरसाठी काहीतरी राखून ठेवा: कुणी अभंग म्हणतं, कुणी ओळखीच्या एकेका माणसाच्या नावाने एकेक किलोमीटर धावतं.

स्ताव्रोसला चढ संपला की लगेच सुटू नका. पहिले दोन किलोमीटर पायांना उताराची सवय होऊ द्या; पाऊल छोटं, शरीर किंचित पुढे, टाचेवर आपटायचं नाही. पेटके येण्याची चाहूल लागली तर थांबून ताणण्यापेक्षा मिनिटभर चालणं चांगलं. शहरात शिरल्यावर वासिलिसिस सोफियास रस्त्याला लागण्याआधी काचेच्या पट्ट्या रचून केलेलं धावपटूचं भलं मोठं शिल्प दिसतं, ‘द्रोमेआस’. तिथून दोन किलोमीटरही उरलेले नसतात. शेवटी डावीकडे हिरोडिस ॲटिकसच्या नावाच्या रस्त्यावर वळायचं, राष्ट्रपती भवनासमोरून उतरायचं, आणि समोर स्टेडियम.

याला ‘काल्लिमार्मारो’ म्हणतात, कारण सगळं पेन्टेली पर्वताच्या पांढऱ्या संगमरवरातलं. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकची मॅरेथॉन इथेच संपली. मारूसी गावचा पाणक्या स्पिरिडॉन लुईस २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत पहिला आला. अंतर तेव्हा चाळीस किलोमीटरच्या आसपास होतं, ४२.१९५ चा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला. आत शिरल्यावरचे शंभर-दीडशे मीटर धावत जा, फोन काढून चालत नको. फोटो काढणारे अधिकृत लोक तिथे असतात, आणि तुमची माणसं संगमरवरी पायऱ्यांवर बसलेली असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की डावीकडे बसायचं की उजवीकडे.

धावून झाल्यावर

मेडल, पाणी, ड्रॉप बॅग, कोरडे कपडे, या क्रमाने. बॅगेपर्यंत थोडं चालावं लागतं आणि अंग झपाट्याने गार पडतं. बसून राहू नका. नोव्हेंबरात पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो, म्हणून पाच-सहा तासांवाल्यांनी जॅकेट बॅगेत टाकलेलंच असावं.

सोमवारी पायऱ्या नकोत. ॲक्रोपोलिस संग्रहालयात लिफ्ट आहे, राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात अँटिकिथेराचं प्राचीन खगोलयंत्र आणि घोड्यावरचा कांस्याचा पोरगा पाहण्यात निवांत दिवस जातो. मंगळवारी सूनिओनला समुद्राकाठचं पोसायडनचं देऊळ, जाऊन-येऊन अर्धा दिवस. बुधवारी ॲक्रोपोलिस, तोवर पाय ऐकतात. डेल्फी अप्रतिम आहे, पण ते डोंगराच्या अंगावर चढत गेलेलं आहे. जायचं तर सगळ्यांत शेवटी. पिरियसहून बोटीने एजिना बेटावर जाऊन समुद्रात पाय सोडून बसणं हा माझ्या मते सगळ्यांत चांगला उपचार.

१७ नोव्हेंबरपर्यंत थांबणार असाल तर त्या दिवशीचा बेत मध्य शहरात ठेवू नका. लष्करी राजवटीविरुद्धच्या १९७३ च्या पॉलिटेक्निक उठावाच्या स्मरणार्थ मोठा मोर्चा निघतो, रस्ते आणि मधली मेट्रो स्थानकं बंद होतात. विमान त्याच संध्याकाळी असेल तर दुपारीच विमानतळावर पोचलेलं बरं.

परतीच्या विमानात मधल्या वाटेकडची सीट घ्या, दर तासाला उठून चाला, घट्ट लांब मोजे घाला. घरी आल्यावर मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनचं नाव आधीच नोंदवलेलं असेल तर हातात साधारण दहा आठवडे असतात. त्यांतले पहिले दोन फक्त चालणं, पोहणं, सायकल. तिसऱ्यात हळू धावणं. अथेन्सच्या उताराने मारलेल्या मांड्या वरून बऱ्या दिसल्या तरी आतून सावरायला वेळ घेतात, त्यामुळे वेगाचा सराव चौथ्या आठवड्याआधी नको. आणि पेडर रोडच्या चढाची त्यानंतर फारशी भीती वाटत नाही.